लिहिणं सुटतं तेव्हा

लिहिण्याचा आळस इतर आळसांसारखा नसतो. लिहिणं सुटलेला माणूस लोळत पडलेला सहसा दिसत नाही. तो कपाट आवरत असतो, विजेचं बिल भरत असतो, पेनाची रिफिल संपली म्हणून दुकानात जाऊन येत असतो. महिनोन्महिने पडून राहिलेली कामं नेमकी लिहायला बसायच्या वेळेला हातावेगळी होतात. दिवस कामात जातो आणि रात्री आडवं होताना लक्षात येतं, की आजही एक ओळ झाली नाही. मग तो स्वतःला आळशी म्हणतो. कधीकाळी नेमानं लिहिणाऱ्या आणि आता वर्ष-दोन वर्षं वही न उघडलेल्या बऱ्याच माणसांशी मी या विषयावर बोललो आहे. त्यांतले जवळजवळ सगळे नोकरीत, घरात, शेतात भरपूर राबणारे होते. आळशी हा शिक्का त्यांना लागू पडत नव्हता, आणि तो स्वतःवर मारून घेतल्यानं त्यांचं लिहिणं सुरूही होत नव्हतं.

दासबोधाच्या आठव्या दशकात ‘दुश्चितनिरूपण’ नावाचा समास आहे. त्यात समर्थ रामदासांनी माणसाच्या ऱ्हासाचा क्रम सांगितला आहे. चित्त ठिकाणावर नसलं की त्यातून आळस येतो, आळसातून झोप आणि झोपेतून आयुष्याची नासाडी. या क्रमात आळसाचा नंबर पहिला नाही, दुसरा आहे. त्याच्या आधी भरकटलेलं चित्त आहे. म्हणजे आळसाशी झुंजत बसण्याआधी चित्त कुठे पळतं आणि का पळतं, हे पाहायला हवं, असा याचा सरळ अर्थ मी घेतो.

चालढकलीचा अभ्यास करणारे आजचे मानसशास्त्रज्ञही याच दिशेनं गेले आहेत. फ्यूशिया सिरवा आणि टिमथी पिचिल या दोन संशोधकांनी २०१३ साली असं मांडलं, की चालढकलीचं मूळ घड्याळात शोधू नये, भावनेत शोधावं. समोरचं काम मनात अस्वस्थता निर्माण करतं. ते बाजूला सारलं की अस्वस्थता लगेच ओसरते. ही सुटका तात्पुरती असते, पण हवीशी असते, आणि मन ती वाट लक्षात ठेवतं. पुढच्या खेपेला ते आणखी लवकर त्याच वाटेनं निसटतं. भिंतीवर सुंदर वेळापत्रक लावूनही लेखन का होत नाही, याचं उत्तर यात आहे. वेळापत्रक वेळ देतं, पण कोऱ्या पानासमोर बसल्यावर पोटात जो गोळा येऊ लागतो त्याचं काय करायचं, ते सांगत नाही.

तो गोळा कशाचा असतो? अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात माइक रोज नावाचे लेखनाचे अध्यापक होते. त्यांनी १९८० साली दहा विद्यार्थ्यांचा बारकाईनं अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या पाचजणांची लेखणी अडत होती, पाचजणांची अडत नव्हती. फरक बुद्धीचा किंवा भाषेवरच्या पकडीचा निघाला नाही. अडणाऱ्या विद्यार्थ्यांनी लेखनाचे काही नियम अगदी घट्ट धरून ठेवले होते. पहिल्याच परिच्छेदानं वाचकाला पकडलं पाहिजे, प्रत्येक वाक्य पहिल्याच फटक्यात निर्दोष उतरलं पाहिजे, असे ते नियम. मग पहिल्या परिच्छेदाच्या पुढे गाडी जाणार कशी? ज्यांचं लेखन सहज चालत होतं त्यांनाही नियम ठाऊक होते, पण एखादा नियम आड येतोय असं दिसलं की ते तो खुशाल बाजूला ठेवत.

हे विद्यार्थी तरुण होते, शिकत होते. लेखन सोडून मग परत येणाऱ्याची अडचण याहून अवघड असते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. नवशिक्याला आपण काय लिहू शकतो हे माहीत नसतं, म्हणून तो निर्धास्त असतो. परतणाऱ्यासमोर त्याचंच जुनं चांगलं लेखन उभं असतं. कुणी तरी त्या कथेचं कौतुक केलेलं असतं, त्या लेखावर पत्रं आलेली असतात. वर्षभरानं पेन हातात घेतल्यावर कागदावर उतरतं ते मात्र अडखळत, ओशाळवाणं. त्याची तुलना तो स्वतःच्या गाजलेल्या पानाशी करतो आणि वही मिटतो. जुनं पानही पाच खर्ड्यांनंतर तसं झालं होतं, हे त्याला त्या क्षणी आठवत नाही.

दुसरी अडचण थकबाकीची. डायरी लिहिणाऱ्यांना हे नेमकं कळेल. आठ दिवस लिहायचं राहतं. नवव्या दिवशी माणूस विचार करतो, आधी ते आठ दिवस भरून काढू आणि मग आजचं लिहू. म्हणजे आज नऊ दिवसांचं लिहायचं. ते जमत नाही. उद्या दहा दिवसांचं. हप्ते थकलेल्या कर्जदारासारखी त्याची अवस्था होते: रक्कम जितकी फुगते तितका तो त्या रस्त्यानं जाणंच टाळतो. महिन्याभरात ती डायरी टेबलावरून खणात जाते. लेखक मंडळींचं तर आणखी वाईट. दोन वर्षं वाया गेली, आता परत यायचं तर एखादी मोठी कादंबरीच घेऊन यायला हवं, असं त्यांना वाटू लागतं. गेलेला काळ भरून निघेल एवढं मोठं काहीतरी. त्या मोठ्या गोष्टीची सुरुवात कधीच होत नाही.

या बाबतीत कार्लटन विद्यापीठातला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. मायकेल वोल, टिमथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी तो २०१० साली प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, की पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात तुम्ही किती चालढकल केलीत आणि त्याबद्दल स्वतःला किती माफ केलंत. ज्यांनी स्वतःला माफ केलं होतं त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. आपल्याकडे याच्या उलट शिकवण असते. स्वतःला टोचून घेतलं, लाज वाटून घेतली, म्हणजे माणूस सुधारतो, असं घरात आणि शाळेत आपण ऐकत आलो. पण लाजेनं कामाभोवतीची अस्वस्थता वाढते, आणि अस्वस्थता वाढली की पळून जाण्याची ओढही वाढते. म्हणून परतण्याची पहिली अट मी अशी सांगेन: गेलेले दिवस गेले. ते भरून काढायचे नाहीत. डायरीतली ती पानं कोरी सोडा, आजची तारीख टाका.

आता मूडविषयी. लेखन मनात येईल तेव्हाच होतं, ठरवून बसून होतं ती कारकुनी, असा समज सुशिक्षित घरांत खोल रुजलेला आहे. रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं तो तपासून पाहिला. विद्यापीठात शिकवणाऱ्या, पण लेखन अडलेल्या २७ प्राध्यापकांचे त्यानं तीन गट केले. पहिल्या गटाला सांगितलं, निकडीचं सोडून काही लिहू नका. दुसऱ्याला सांगितलं, मनात आलं तर लिहा. तिसऱ्या गटाला ठरलेल्या वेळी बसून लिहायचंच होतं, आणि न लिहिल्यास नुकसान सोसावं लागेल अशी अट त्यांनी आधीच मान्य केली होती. सगळ्यांनी मनात आलेल्या नव्या कल्पनांची नोंदही ठेवायची होती. हा प्रयोग १९८३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या गटाचं लेखन दिवसाला सरासरी ०.२ पान भरलं, मूडवर लिहिणाऱ्यांचं ०.९ पान, तर सक्तीनं बसणाऱ्यांचं ३.२ पानं. यात नवल नाही. नवल कल्पनांच्या नोंदीत आहे. न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांतून एखादी नवी कल्पना सुचली, मनाप्रमाणे लिहिणाऱ्यांना दोन दिवसांतून एक, आणि नेमानं बसणाऱ्यांना रोज एक. माणसं थोडी होती, हे लक्षात ठेवायला हवं. पण सुचल्यावर लिहायचं, हा क्रम आपण बहुधा उलटा धरून बसलो आहोत, एवढं तरी त्यावरून दिसतं. लिहायला बसणाऱ्यालाच सुचत जातं.

इथे कुणी साने गुरुजींचं उदाहरण काढेल, आणि ते रास्तच आहे. ‘श्यामची आई’चं लेखन नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरू झालं आणि १३ तारखेच्या पहाटे संपलं. दिवसा तुरुंगातलं काम, रात्री लेखन. पाच दिवसांत पुस्तक! ही स्फूर्ती नाही तर काय? स्फूर्ती होतीच. पण त्याआधी अमळनेरच्या छात्रालयात गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत होते. दिवसभर शाळा आणि मुलांची देखभाल, रात्री मजकूर, आणि सकाळी मुलांच्या हातात ताजा अंक. ज्या माणसानं असं रोजच्या रोज स्वतःच्या हातानं दैनिक लिहिलं त्याला चार रात्री सलग लिहिता येणं हा नुसता चमत्कार राहत नाही. लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ही तसंच. मंडालेच्या तुरुंगात नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या पाचेक महिन्यांत त्यांनी तो प्रचंड ग्रंथ पेन्सिलीनं लिहून काढला. त्यामागे कितीतरी वर्षांचं गीतेचं चिंतन होतं, आणि ‘केसरी’साठी आठवड्यामागून आठवडे मजकूर लिहिण्याची हाताला सवय होती. आपल्याला दिसतात ते पाच दिवस आणि पाच महिने. त्यांच्या मागचा नेम दिसत नाही, कारण त्या नेमातून निघालेला बराचसा मजकूर आज कुणाच्या वाचनात नाही.

नेमाचा विषय निघाल्यावर अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराकडे जावंच लागतं. मला हा लेखक त्याच्या कादंबऱ्यांइतकाच त्याच्या आत्मचरित्रासाठी जवळचा वाटतो. १८१५ चा जन्म. १८३४ मध्ये लंडनच्या टपाल खात्यात कारकून म्हणून लागला आणि तेहेतीस वर्षं त्या खात्यात राहिला. आयर्लंडमध्ये, इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत तो टपालाच्या वाटा तपासत घोड्यावरून हिंडला. रस्त्यावर टपालपेट्या बसवण्याची सूचना ब्रिटनच्या टपाल खात्यात त्यानं केली होती. म्हणजे हा रिकामा माणूस नव्हता. तरी त्यानं ४७ कादंबऱ्या लिहिल्या.

कशा लिहिल्या ते त्यानं स्वतः सांगून ठेवलं आहे. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे आणि साडेआठला, न्याहारीपूर्वी, उठे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशी लिहिलेलं वाचण्याचा. ते वाचताना भाषेचा सूर पुन्हा कानात बसे. मग घड्याळ समोर ठेवून लेखन: दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. रोज किती पानं झाली याची तो वहीत नोंद करी. एखाद्या आठवड्यात काही झालं नाही तर ती रिकामी जागा त्याच्या डोळ्यांत खुपत राही. सरासरी आठवड्याला चाळीस पानं, पान अडीचशे शब्दांचं. टपाल खात्याच्या कामासाठी आगगाडीनं फिरावं लागे तेव्हा मांडीवर फळी घेऊन तो डब्यात पेन्सिलीनं लिही, आणि त्याची बायको नंतर त्याची प्रत करी. ‘बार्चेस्टर टॉवर्स’ या त्याच्या गाजलेल्या कादंबरीचा मोठा भाग असा रेल्वेच्या डब्यात झाला.

हे आत्मचरित्र १८८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं आणि वाचकांना ते रुचलं नाही. घड्याळ लावून कादंबरी लिहिणारा माणूस कलावंत कसा असेल, असं त्यांना वाटलं आणि त्याची प्रतिष्ठा घसरली. हा त्याच्यावर अन्याय होता असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या कादंबऱ्या आजही छापल्या जातात, वाचल्या जातात. घड्याळानं त्यांचं काही बिघडवलेलं नाही.

ट्रॉलपच्या हकिगतीतला एक तपशील मात्र प्रेरणादायी भाषणांत गाळला जातो, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे एक म्हातारा मोतद्दार होता. ट्रॉलपला पहाटे उठवणं आणि कॉफी आणून देणं हे त्याचं काम. त्यासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. तो म्हातारा एकदाही उशिरा आला नाही, आणि माझ्या यशाचं सर्वाधिक श्रेय त्याला आहे, असं ट्रॉलपनं मोकळेपणानं लिहिलं आहे. म्हणजे इतक्या शिस्तीच्या माणसानंही पहाटे उठण्याचा भार स्वतःच्या इच्छाशक्तीवर टाकला नव्हता. त्यानं व्यवस्था केली होती.

ही व्यवस्था सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हेही इथे म्हटलं पाहिजे. ट्रॉलपला पहाटे कॉफी कुणीतरी आणून देत होतं, हस्तलिखिताची प्रत कुणीतरी करत होतं. आपल्याकडे पहाटे साडेपाचला डबे भरणारी, रात्री ओटा आवरून मग वही उघडणारी बाई स्वतःला आळशी म्हणते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. तिला उपदेशाची गरज नाही. तिला अर्धा तास हवा आहे, ज्या अर्ध्या तासात घरातलं कुणी तिला हाक मारणार नाही. तो मिळवून देणं ही तिच्या एकटीची जबाबदारी नाही, घरातल्या सगळ्यांची आहे.

व्यवस्था म्हणजे काय, याचं सगळ्यांत साधं रूप पीटर गोल्वित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात दिसतं. योगायोगानं तो प्रयोग लेखनाचाच आहे. वेरोनिका ब्रांडश्टेटर यांच्याबरोबर त्यांनी तो १९९७ साली प्रसिद्ध केला. नाताळच्या सुट्टीवर निघालेल्या विद्यार्थ्यांना सांगितलं, की २४ डिसेंबरची संध्याकाळ कशी गेली ते लिहून दोन दिवसांच्या आत आम्हाला पाठवा. अर्ध्या विद्यार्थ्यांकडून आधीच ठरवून घेतलं, की हे तुम्ही नेमकं केव्हा आणि कुठे बसून लिहिणार. बाकीच्यांना तसं काही विचारलं नाही. ज्यांनी वेळ आणि जागा ठरवली नव्हती त्यांच्यातल्या सुमारे एक तृतीयांश मुलांनी लेखन वेळेत पूर्ण केलं. ज्यांनी ठरवली होती त्यांच्यात हे प्रमाण दोन तृतीयांशांहून अधिक होतं. इच्छा दोन्ही गटांना सारखीच होती. फरक पडला तो एका वाक्यानं. ‘रोज लिहायचं’ हा संकल्प झाला. ‘सकाळचा चहा झाला की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून लिहायचं’ ही व्यवस्था झाली. चहा रोज होतोच, त्यामुळे लेखनाची आठवण वेगळी ठेवावी लागत नाही.

जागेचा प्रभाव आपल्याला वाटतो त्याहून मोठा असतो. वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. नव्या ठिकाणी भोवतालची परिस्थिती जुन्यासारखी राहिली तिथे सवयी टिकल्या, बदलली तिथे तुटल्या. आपलं लिहिणं कधी सुटलं ते आठवून पाहा. बऱ्याचदा त्या सुमाराला बदली झालेली असते, घर बदललेलं असतं, मूल झालेलं असतं, किंवा निवृत्ती आलेली असते. लिहिण्याची ओढ गेलेली नसते. ती ज्या खुर्चीला आणि ज्या वेळेला बांधलेली होती ती खुर्ची आणि ती वेळ गेलेली असते. निवृत्त माणसांना याचा फार त्रास होतो. आता वेळच वेळ आहे, असं म्हणत ते सुरुवात करतात, आणि दिवसाचे सगळे तास सारखे झाल्यामुळे कुठलाच तास लेखनाचा उरत नाही. त्यांनी नोकरीत असल्यासारखी एक वेळ बांधून घ्यावी. दासबोधातच पुढे एकोणिसाव्या दशकात ‘लेखनक्रियानिरूपण’ हा समास आहे. बरू, शाई, कागद, अक्षराचं वळण, ओळींतलं अंतर अशा बारीकसारीक गोष्टींची त्यात चर्चा आहे. मला तो समास वाचताना नेहमी वाटतं, की साधनांची नीट मांडामांड ही लेखनाच्या आधीची उठाठेव म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. वही, पेन, चष्मा आदल्या रात्री ठरलेल्या जागी असले तर सकाळी पळून जायला एक सबब कमी होते. मोबाइल दुसऱ्या खोलीत असला तर आणखी एक.

सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस, असं उत्तर सर्वत्र ऐकू येतं. त्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीसेक दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातला ‘किमान’ गळून पडला आणि तो आकडा सगळ्या सवयींना चिकटला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर बारा आठवडे लक्ष ठेवून हे तपासलं. खाण्यापिण्याच्या किंवा व्यायामाच्या साध्या गोष्टी आपोआप होऊ लागण्यासाठी लागणारा काळ मधल्या माणसाच्या बाबतीत ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट परतणाऱ्या लेखकानं मनात धरावी: एखादा दिवस चुकल्यानं सवय जडण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. एक दिवस हुकला म्हणून नेम मोडला असं समजणारी माणसं दुसऱ्या दिवशी बसतच नाहीत, आणि नेम मोडतो तो खरा तिथे.

एकट्यानं नेम चालवणं जड जातं हेही खरं. त्यासाठी दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहणारी नजर उपयोगी पडते. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, ‘गीतरामायण’ सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांनी दर आठवड्याला नवं गीत द्यायचं आणि सुधीर फडक्यांनी त्याला चाल लावायची. वर्षाची ५२ गीतं ठरली होती, अधिक मासामुळे ती ५६ झाली. त्या काळात माडगूळकर चित्रपटांसाठीही लिहीत होते. पुढचा आठवडा मात्र कुणासाठी थांबत नव्हता. घरोघरी लोक रेडिओजवळ बसून वाट पाहत होते. प्रतिभा माडगूळकरांची होती, याबद्दल वाद नाही. पण ५६ गीतं सलग पूर्ण झाली त्यात त्या ठरलेल्या वाराचा वाटा मोठा आहे. मराठीत दिवाळी अंकांनीही पिढ्यान्पिढ्या हेच काम केलं. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून संपादकाचं पत्र आलं की लेखक टेबलाशी बसतो, हा आपल्या साहित्याचा एक अलिखित नियम झाला आहे. तुम्हाला संपादकाचं पत्र येत नसेल तर एखाद्या मित्राला सांगा, की दर रविवारी मी तुला एक पान वाचून दाखवणार. मित्रानं अभिप्राय द्यायची गरज नाही. त्यानं रविवारी फोन उचलावा, एवढं पुरे.

आणि बसल्यावर लिहायचं काय? पहिल्या दिवसांत विषयाचा शोध घेत बसू नये. पीटर एल्बो या अमेरिकन अध्यापकानं १९७३ च्या आपल्या पुस्तकात एक साधा व्यायाम सुचवला आहे: दहा मिनिटं हात न थांबवता लिहायचं, खोडायचं नाही, मागे वळून वाचायचं नाही, काही सुचलं नाही तर ‘सुचत नाही’ हेच लिहायचं. माइक रोजच्या विद्यार्थ्यांना ज्या नियमांनी बांधून टाकलं होतं ते सगळे या दहा मिनिटांत रजेवर असतात. ज्यांना हे फारच मोकळं वाटतं त्यांनी आठवणीतला एक माणूस घ्यावा, गावातलं एखादं दुकान घ्यावं, आजीच्या हातच्या एखाद्या पदार्थाची कृती घ्यावी आणि जेवढं आठवतं तेवढं उतरवावं. पत्र लिहावं. लेखन थांबवताना हेमिंग्वे पाळत असे ती रीतही चांगली आहे: पुढे काय येणार हे ठाऊक असतानाच तो त्या दिवसाचं काम थांबवी. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाला सामोरं जावं लागत नाही, अर्धवट वाक्य हात धरून आत घेऊन जातं.

सगळं न लिहिणं आळसात किंवा चालढकलीत मोजू नये. घरात मृत्यू झालेला असतो, आजारपण असतं, झोप पुरत नसते. काही वेळा माणसाला कशातच रस वाटेनासा होतो, जेवणात नाही, माणसांत नाही, लेखनात तर नाहीच. अशी अवस्था दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर वहीकडे नाही, डॉक्टरांकडे जावं. एखादं पुस्तक पूर्ण झाल्यावर येणारा रिकामपणाही वेगळा. त्या काळात वाचावं, हिंडावं. या विश्रांतीला काही महिन्यांनी आपोआप अंत येतो. चालढकलीला तो येत नाही, आणि दोन्हींतला फरक ज्याचा त्याला आतून कळत असतो.

तुमचं लिहिणं सुटलं असेल तर मोठ्या संकल्पासाठी नव्या वर्षाची किंवा गुढीपाडव्याची वाट पाहू नका. आज रात्री वही आणि पेन ठरलेल्या जागी काढून ठेवा. उद्या चहानंतर दहा मिनिटं बसा, वर तारीख घाला आणि पाच ओळी लिहा. त्या वाईट झाल्या तरी फाडू नका. मागची पानं चाळू नका, जुनी कात्रणं काढू नका, ती महिन्याभरानं वाचली तरी चालतील. परवा पुन्हा बसा. परवा जमलं नाही तर तेरवा बसा, आणि मधल्या दिवसाचा हिशोब कुणालाच, स्वतःलासुद्धा, देऊ नका.